देवमासा, पोथी आणि वंशवृक्ष

मराठीने ज्या प्राण्याला 'देवमासा' असे नाव दिले, तो मासा नव्हे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला जन्म देतो, त्याला दूध पाजतो. म्हणून तो सस्तन प्राणी. मात्र यातले 'म्हणून' दिसते तितके सरळ नाही. पाण्यातला जन्मभराचा वास, निमुळते शरीर, वल्ह्यासारखे अवयव यांबाबत देवमासा माशासारखा आहे. श्वास, रक्त आणि दूध यांबाबत गाईसारखा. दोन्ही साम्ये खरीच आहेत. मग एक साम्य प्रमाण मानावयाचे आणि दुसरे सोडून द्यावयाचे, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले? जीवसृष्टीच्या वर्गीकरणाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग, प्राणिशास्त्रज्ञांना तो सापडण्याच्या बराच आधी, पोथ्या ताडून पाहणाऱ्या पंडितांच्या हाती होता. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे वळून पाहावे असे आम्हांला वाटते, ते यासाठीच.

हा प्रश्न एकदा चक्क न्यायालयात गेला होता. न्यूयॉर्क राज्यात माशाच्या तेलाची पिंपे सरकारी निरीक्षकाकडून तपासून घेऊन त्याबद्दल शुल्क भरावे, असा कायदा झाला होता. सॅम्युएल जड नावाच्या व्यापाऱ्याने आपल्याजवळचे तेल देवमाशाचे आहे आणि देवमासा मासा नाही, या कारणावरून शुल्क नाकारले. जेम्स मॉरिस या निरीक्षकाने दावा लावला. 1818 च्या डिसेंबरात तो चालला, तेव्हा सॅम्युएल मिचिल या नामांकित निसर्गशास्त्रज्ञाने जडच्या बाजूने साक्ष दिली. तरीही ज्यूरीने निकाल मॉरिसच्या बाजूने दिला. थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने देवमासा मासा ठरला. पुढे 1851 मध्ये हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक' या कादंबरीतील निवेदकानेही देवमासा मासाच असल्याचे ठासून सांगितले आणि देवमाशांची वर्गवारी पुस्तकांच्या आकारांप्रमाणे केली: मोठ्या पानांचे, मध्यम पानांचे आणि लहान पानांचे. ही थट्टा होती. पण तिच्यात एक मर्म आहे. ग्रंथालयातील पुस्तके उंचीप्रमाणे लावता येतात आणि तशी ती नीटनेटकी दिसतातही. त्या मांडणीतून पुस्तकांविषयी मात्र फारसे काही कळत नाही.

वर्गीकरणाची निकड फार जुनी आहे. ऐतरेय उपनिषदात जीवांची विभागणी जन्माच्या प्रकारावरून केलेली आढळते: अंडज, जारुज, स्वेदज आणि उद्भिज्ज. आपल्या संतवाङ्मयातील 'चार खाणी' त्या याच. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांचे रक्तयुक्त आणि रक्तहीन असे दोन मोठे भाग केले आणि डॉल्फिन व देवमासे यांना फुप्फुसे असतात, ते पिलांना दूध देतात, हे नोंदवून त्यांना माशांपासून वेगळे ठेवले. या दोन्ही पद्धतींमध्ये निरीक्षण आहे आणि तर्कही आहे. तथापि दोन्ही ठिकाणी एक कसोटी आधी निवडली गेली आणि मग तिच्याप्रमाणे जीव वाटले गेले. कसोटी बदलली की वाटणी बदलते. हीच कसोटी का, हे विचारले तर उत्तर नसते.

आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याला ही अडचण पुरती उमगली होती. 1735 मध्ये त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. फुलांतील पुंकेसरांची संख्या व मांडणी पाहून त्याने वनस्पतींचे 24 वर्ग केले. पद्धत सोपी होती. फूल हाती घ्यावे, केसर मोजावेत, वर्ग सापडतो. पण ही पद्धत कृत्रिम आहे, खरी 'नैसर्गिक' व्यवस्था याहून निराळी असली पाहिजे, हे लिनियस स्वतः जाणून होता आणि तिचा शोध त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. 1735 मध्ये देवमाशांना त्याने माशांत घातले होते. 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने 'सस्तन' हा वर्ग निर्माण केला आणि देवमासे त्यात आणले. त्याच आवृत्तीत त्याने वटवाघळाला मात्र माणूस आणि माकड यांच्या गणात बसवले. एक दुरुस्ती टिकली, दुसरी टिकली नाही. 'नैसर्गिक व्यवस्था' म्हणजे नेमके काय, हे सांगणारा सिद्धान्त अद्याप जन्मायचा होता.

सृष्टी, वर्ग, गण, प्रजाती, जाती ही एकात एक बसणाऱ्या पेट्यांची रचना लिनियसची. संघ आणि कुल हे टप्पे नंतर त्यात आले. या मराठी संज्ञांकडे जरा थांबून पाहावे. गण, कुल, जाती हे सारे शब्द समाजातून, नातेसंबंधांतून आलेले आहेत. युरोपीय भाषांतही तसेच झाले. तेथील शास्त्रज्ञही कुटुंब आणि नाते यांची भाषा बोलत होते, पण केवळ लक्षणेने. सिंह आणि मांजर एका 'कुटुंबा'तले, असे म्हणताना त्यांचा पूर्वज एक होता, असे म्हणण्याचा बहुतेकांचा इरादा नसे.

ही लक्षणा चार्ल्स डार्विनने वाच्यार्थात आणली. 1837 मध्ये आपल्या टिपणवहीत त्याने फांद्या फुटलेल्या झाडाचे एक ओबडधोबड रेखाटन केले होते. 24 नोव्हेंबर 1859 रोजी 'जातींचा उगम' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आकृती अशी एकच होती, आणि तीही फांद्या फुटत जाणाऱ्या वंशाचीच. निसर्गशास्त्रज्ञ ज्या नैसर्गिक व्यवस्थेचा शोध घेत होते, ती म्हणजे वंशावळ होय, असे त्याने प्रतिपादन केले. गटात गट का बसतात? कारण फांदीला फांदी फुटते. डार्विनने आपले म्हणणे पटवण्यासाठी भाषांचा दाखला दिला, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते: मानवसमूहांची परिपूर्ण वंशावळ हाती असती, तर जगातील भाषांचे सर्वांत चांगले वर्गीकरण तिच्यावरून करता आले असते, असा त्याचा युक्तिवाद होता.

या झाडाने आणखी एक गोष्ट केली. त्यापूर्वी युरोपात जीवसृष्टीची कल्पना शिडीसारखी केली जाई: तळाशी दगडधोंडे, वर वनस्पती, प्राणी आणि टोकाला माणूस. झाडाला टोके असतात. पण सर्वांच्या वरचे असे मानाचे टोक नसते. आज जिवंत असलेला प्रत्येक जीव त्याच मुळापासून तितकाच काळ चालत आलेला आहे. आपल्याकडे 'जाती' हा शब्द उतरंडीचे ओझे वाहतो. जीवशास्त्रातील जातींमध्ये नाते जवळचे किंवा दूरचे असते, उच्च-नीच भाव तेथे नसतो. शब्द एकच असला, तरी हा भेद वर्गात शिकवताना आवर्जून सांगितला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

वर्गीकरण म्हणजे वंशावळ, एवढे डार्विनने सांगितले. वंशावळ शोधायची कशी, ही अडचण मात्र उरलीच. पूर्वज तर नाहीसे झालेले. हाती फक्त आजचे वंशज आणि थोडे जीवाश्म. साम्यावरून नाते ओळखावे म्हटले, तर साम्य फसवे असते. पक्ष्याचा पंख आणि फुलपाखराचा पंख काम एकच करतात, पण त्यांची घडण मुळातच भिन्न. उलट माणसाचा हात, घोड्याचा पुढचा पाय आणि देवमाशाचे वल्हे यांची कामे वेगळी, पण हाडांची मांडणी एक. हा भेद रिचर्ड ओवेनने 1843 मध्येच स्पष्ट केला होता. पहिल्या प्रकारास कार्यसाम्य व दुसऱ्यास समजातता म्हणतात. परंतु समजात लक्षणेही सारखीच बोलकी नसतात. येथेच पोथ्यांचे शास्त्र मदतीला येते.

एका ग्रंथाच्या पाच प्रती आपल्यापुढे आहेत आणि मूळ हस्तलिखित हरवले आहे, असे समजा. एका ओवीत दोन प्रतींचा पाठ शुद्ध आहे आणि तो जुळतो. एवढ्यावरून त्या दोन प्रती एकमेकींच्या जवळच्या ठरतात काय? मुळीच नाही. मुळात जे होते ते दोघींनी राखले, एवढेच त्यावरून कळते. पण दोन प्रतींमध्ये त्याच जागी तोच विचित्र पाठ असेल, किंवा तीच चार ओव्यांची भर असेल आणि इतर तिघींत ती नसेल, तर मात्र त्या दोघी एकाच नकलेवरून उतरल्या असल्या पाहिजेत. नाते सिद्ध होते ते सामायिक शुद्धतेवरून नाही, तर सामायिक चुकीवरून. अर्थात चूकही सहजासहजी न होणारी हवी. अनुस्वार गळणे कोणाच्याही हातून घडते. हे तत्त्व वापरून 1827 मध्ये स्वीडनच्या कार्ल योहान श्लिटर या विधिज्ञाने एका प्रांताच्या मध्ययुगीन कायद्यांच्या हस्तलिखितांचा वंशवृक्ष छापला. डार्विनच्या ग्रंथाला तेव्हा बत्तीस वर्षे अवकाश होता. 1853 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगुस्ट श्लायशर याने भारत-युरोपीय भाषांचे झाड काढले. तेही डार्विनच्या आधी.

भाषेतही तत्त्व तेच. मराठी आणि गुजराती यांत नपुंसकलिंग आहे. हिंदीत ते नाही. एवढ्यावरून मराठी आणि गुजराती या सख्ख्या बहिणी व हिंदी दूरची, असे म्हणता येणार नाही. नपुंसकलिंग संस्कृतात होते, प्राकृतांत होते; दोघींनी जुने धन सांभाळले, इतकेच. त्यांचे जवळचे नाते सिद्ध करायचे तर दोघींनी मिळून केलेला, इतरत्र न आढळणारा एखादा नवा बदल दाखवावा लागेल.

प्राणिशास्त्रात हा विचार काटेकोरपणे मांडणारा माणूस होता विली हेनिग. तो जर्मन कीटकशास्त्रज्ञ; माश्या आणि डास यांचा अभ्यासक. 1945 मध्ये इटलीत ब्रिटिशांच्या कैदेत असताना त्याने आपल्या सिद्धान्ताचा कच्चा खर्डा लिहिला. तो 1950 मध्ये बर्लिनमध्ये जर्मन भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि बराच काळ जर्मनीबाहेर दुर्लक्षित राहिला. 1966 मध्ये इंग्रजी पुस्तक निघाले, तेव्हा खळबळ उडाली. हेनिगने समजात लक्षणांचे दोन भाग केले. आपण त्यांना आद्यलक्षणे आणि नवलक्षणे म्हणू. पाठीचा कणा हे गाय आणि देवमासा यांना सामायिक असलेले लक्षण. पण तो सरड्यालाही आहे, रोहू माशालाही. म्हणून गाय आणि देवमासा यांच्या जवळिकीबद्दल तो काहीच सांगत नाही. दूध हे सस्तनांचे सामायिक नवलक्षण. ते एका पूर्वजात प्रथम उद्भवले आणि त्याच्या वंशजांकडे आले. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते हे. देवमाशाचा माशासारखा आकार पाण्यात वावरण्याच्या गरजेतून नव्याने घडला; दूध वारशाने आले. दोन्ही साम्ये खरी, परंतु नाते सांगणारे साम्य एकच.

हेनिगची दुसरी अट अशी की गट पूर्ण असला पाहिजे: एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज. सोयीसाठी कोणाला वगळता येणार नाही. ही अट लावताच जुनी घरे हलू लागली. मगर ही सरड्यापेक्षा पक्ष्याला जवळची आहे. मग मगर आणि सरडा यांना 'सरीसृप' म्हणून एकत्र ठेवून पक्ष्यांना बाहेर ठेवणारा वर्ग अपुरा ठरतो. अर्न्स्ट मायर, जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांच्यासारख्या श्रेष्ठींना हे मान्य नव्हते. पक्ष्यांमध्ये पिसे, उड्डाण, उष्ण रक्त असे इतके बदल झाले की त्यांना स्वतंत्र वर्ग देणे रास्त आहे. वर्गीकरणाने फांदी कोठे फुटली एवढेच सांगू नये, ती किती दूर गेली हेही सांगावे, असा मायरचा आग्रह होता. तो उडवून लावण्याजोगा नाही. 'ज्ञानेश्वरी' वंशाने गीतेवरील टीका आहे. पण तिची नोंद केवळ टीकाग्रंथांच्या यादीत करून कोणाचे समाधान होणार आहे? तिसऱ्या बाजूला रॉबर्ट सोकल आणि पीटर स्नीथ होते. 1963 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वंशाचा विचार बाजूला ठेवून शक्य तितकी लक्षणे मोजावीत आणि एकूण साम्याच्या हिशेबाने गट पाडावेत, असा मार्ग सुचवला होता. या तिघांच्या वादात पंधरा-वीस वर्षे कटुतेत गेली. शेवटी हेनिगची बाजू वरचढ ठरली. कारण तिचे विधान इतिहासाविषयीचे होते आणि ते नव्या पुराव्याने खोटे ठरवता येत होते.

हेनिगने हे पोथीचिकित्सेतून उचलले, असे आम्हांला सुचवायचे नाही. मात्र 1977 मध्ये कोळ्यांचे अभ्यासक नॉर्मन प्लॅटनिक आणि अभिजात भाषांचे अध्यापक डॉन कॅमेरॉन यांनी एका संयुक्त लेखात दाखवून दिले की प्राणी, भाषा आणि हस्तलिखिते यांचे वंश लावण्याची तर्कपद्धती एकच आहे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा पुन्हा देवमाशानेच दिला. तो सस्तन हे ठरले, पण सस्तनांत कोणाचा सगा? जनुकांच्या अभ्यासाने अनपेक्षित उत्तर दिले: पाणघोड्याचा. जीवांच्या जनुकद्रव्यात काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून मध्येच कोठेतरी घुसतात आणि मग पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहतात. नोरिहिरो ओकादा यांच्या जपानमधील गटाने 1999 मध्ये दाखवले की असे काही तुकडे देवमासा आणि पाणघोडा यांच्यात नेमक्या त्याच जागी आहेत आणि गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागी नाहीत. पोथ्यांच्या भाषेत याला प्रक्षेप म्हणतात: दोन प्रतींत एकाच ठिकाणी घुसलेली तीच भर. 2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड समखुरी प्राण्यांच्या हाडासारखे निघाले. 2007 मध्ये जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथील सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या 'इंडोहायस' या लहान, हरणासारख्या समखुरी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या कानासारखे जाड असल्याचे जाहीर झाले. साक्षीदार वेगवेगळे होते, पण साक्ष जुळली.

तथापि झाडाची कल्पना सर्वत्र पुरी पडत नाही, आणि हे पुण्यात फार आधी कळले होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू केले; 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. 1933 मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पेच मांडला. महाभारताच्या लेखकूंनी एका प्रतीवरून एक नक्कल केली नव्हती. शेजारची, परप्रांतातली प्रत पाहून जे अधिक मिळेल ते आपल्या प्रतीत घेतले होते. अशा संकरामुळे एकच स्वच्छ वंशवृक्ष काढणे अशक्य झाले होते. सुकथनकरांनी लिपी आणि प्रदेश यांवरून पाठपरंपरांचे गट लावले आणि परस्परांपासून स्वतंत्र अशा परंपरा जेथे जुळतात, तेथे मूळ शोधले. गणपती महाभारताचा लेखनिक झाल्याची लाडकी कथा या कसोटीमुळेच मुख्य संहितेबाहेर गेली. सुकथनकर 1943 मध्ये वारले. आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली.

जीवाणूंच्या अभ्यासकांना हाच पेच विसाव्या शतकाच्या अखेरीस भेटला. जीवाणू आपली जनुके केवळ संततीला देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. प्रतिजैविकांना न जुमानण्याचा गुण एका प्रकारच्या जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो तो असाच. 1999 मध्ये फोर्ड डूलिटल यांनी प्रश्न केला की जीवसृष्टीच्या मुळाशी एकच झाड आहे, असे म्हणता तरी येईल काय? तेथे कदाचित जाळे असावे. आपल्या भाषेतील 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद घ्या. संस्कृतात तो नाही. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असा तो आहे. हा गुण द्राविडी भाषांच्या सहवासातून आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठीचा वंश एक, पण तिच्या अंगावर शेजाऱ्याचेही देणे आहे. म्हणून साम्य दिसले की तीन प्रश्न विचारावे लागतात: हे दोघांनी जपलेले जुने धन आहे, एकाच पूर्वजाकडून आलेली नवी भर आहे, की शेजाऱ्याकडून घेतलेली वस्तू आहे? आणि चौथी शक्यता, दोघांना गरजेपोटी स्वतंत्रपणे सुचलेली युक्ती.

वाङ्मयेतिहास लिहिताना आपण हे प्रश्न फारच क्वचित विचारतो. दोन कवींत प्रतिमा जुळल्या की प्रभाव, दोन संप्रदायांत विचार जुळला की परंपरा, असे लिहून मोकळे होतो. ती जुळणी दोघांच्याही आधीची, साऱ्या भारतीय काव्याची सामायिक ठेव असू शकते, आणि मग तिच्यावरून नाते सिद्ध होत नाही. आम्ही येथे साहित्याला जीवशास्त्राचे नियम लावा म्हणत नाही. उलट हा नियम आपल्याच पोथ्यांतला आहे, तो आपण विसरलो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शेवटी, माशाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. फुप्फुसमीन नावाचा मासा वंशाने रोहूपेक्षा गाईला अधिक जवळचा आहे. म्हणजे हेनिगच्या अटीप्रमाणे 'मासा' हा गट पूर्ण करायचा ठरवले, तर त्यात बेडूक, कावळा, गाय, माणूस आणि देवमासा या सर्वांना घ्यावे लागेल. मग 1818 ची ज्यूरी बरोबर होती काय? नव्हती, तिने बाजारातला शब्द वापरला होता, आणि बाजारात तो योग्यच आहे. कोळणीच्या टोपलीला वंशावळीची गरज नसते. 'नवकथा', 'ग्रामीण', 'संतसाहित्य' हे आपले शब्दही टोपलीचे असतील तर त्यात काही गैर नाही. ते टोपलीचे शब्द आहेत की वंशाचे, हे मात्र लिहिणाऱ्याला माहीत असले पाहिजे. कारण वंशाचा दावा केला की पुरावा द्यावा लागतो.